कंपोस्टेबल पाउच, पीएलएचे ग्लास आणि आपली साधी एलडीची पिशवी : एका भडंगवाल्याचा रिव्ह्यू

सांगलीत आमचं भडंग, चिवडा आणि मसाल्यांचं छोटं घरगुती काम आहे, उन्हाळ्यात दुकानापुढं ताक आणि कोकम सरबताचा काउंटर पण असतो. हल्ली गिऱ्हाईक, त्यातही पुण्या-मुंबईहून पार्सल मागवणारं, सारखं विचारतं की अजून प्लॅस्टिक कशाला, ते मक्याचं बायो पॅकिंग का नाही वापरत. प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून मी तीन प्रकारचा माल मागवला, पारदर्शक कंपोस्टेबल (म्हणजे खतखान्यात कुजणारा) पाउच, पीएलएचे (मका-उसाच्या साखरेपासूनचं प्लॅस्टिक, खाली सांगतो) पारदर्शक ग्लास झाकणासकट आणि हिरव्या छपाईची कंपोस्टेबल कॅरीबॅग. शेजारी नेहमीचा माल ठेवला, एलडीची (साधं मऊ पॉलिथिन) पिशवी, बीओपीपी-एलडी लॅमिनेटचा पाउच (बीओपीपी म्हणजे ताणलेल्या पॉलिप्रॉपिलिनची फिल्म, तिला एलडी चिकटवलेलं), आतून चंदेरी दिसणारा मेटलाइज्ड पाउच आणि पीईटीचे (पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक) ग्लास. माझं शिक्षण पॉलिमरचं, म्हणजे प्लॅस्टिकच्या रसायनाचं, असल्यामुळं डेटाशीट (मालाच्या गुणधर्मांचा तक्ता) वाचता येते, आणि वहिनी पॅकिंग बघते तिच्या हाताला माल कसा लागतो ते तर कुठल्याच डेटाशीटमध्ये नसतं, तर ते दोन्ही मिळून हा रिव्ह्यू. सप्लायरची नावं देत नाही, कारण इथं फरक ब्रँडचा नाहीच, मालाच्या जातीचा आहे.

आधी एक घोळ निस्तरू. 'बायो' म्हटलं की लोकांना वाटतं झाडापासून बनलंय म्हणजे मातीत विरघळणार. तसं नाहीये, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. ब्राझीलमध्ये ब्रास्केम कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनवते, वर्षाला २ लाख टनांच्या क्षमतेनं कारखाना सुरू झाला होता, आणि ते पॉलिथिन रेणूपर्यंत बघितलं तरी आपल्या नेहमीच्या पॉलिथिनसारखंच असतं, तेवढंच लवचिक, तेवढंच पाणी अडवणारं, आणि मातीत तेवढंच वर्षानुवर्षं पडून राहणारं. कोका-कोलाची २००९ ची प्लँटबॉटल पण तशीच, पीईटीमधला ३० टक्क्यांपर्यंतचा ग्लायकॉलचा भाग वनस्पतीपासून, बाकी तेलापासून, बाटली मात्र शंभर टक्के पीईटी. आता उलटं बघा, कंपोस्टेबल कॅरीबॅगमध्ये जो मऊ ताणला जाणारा पीबीएटी असतो तो बहुतेक वेळा पेट्रोलियमपासूनच बनतो, पण योग्य खतखान्यात तो कुजतो. म्हणजे उसाची पिशवी कुजत नाही आणि तेलाची कुजते, असंही होऊ शकतं. त्यामुळं दुकानदार नुसतं 'बायो' म्हणाला तर पुढचा प्रश्न विचारा, बायो म्हणजे कशापासून बनलेलं की कसं संपणारं?

मी जो माल घेतला त्यात मुख्य पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड. मका किंवा उसाची साखर आंबवून लॅक्टिक ॲसिड काढतात, दह्याला आंबटपणा येतो तेच हे ॲसिड, आणि मग त्याची साखळी जोडून प्लॅस्टिकचा दाणा बनवतात. आपल्याकडं ऊस दारात आहे म्हणून मला याच्याबद्दल मनापासून आस्था आहे, पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं जेजुरीला २०२४ मध्ये याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा केलाय आणि उत्तर प्रदेशात कुंभीला बलरामपूर चिनी मिल्स साखर कारखान्याला जोडूनच पीएलएचा मोठा कारखाना उभा करतेय. हे आपल्या साखर पट्ट्यात झालं तर मला फार आवडेल. पण आवड वेगळी आणि भडंग कुरकुरीत राहणं वेगळं.

तर मेन मुद्द्यावर येतो, दमटपणा. भडंगाचा सगळा जीव कुरकुरीतपणात आहे, चुरमुरे एकदा सादळले की मसाला कितीही भारी असो, गिऱ्हाईक परत येत नाही. पिशवीतून हवेतलं पाणी किती आत जातं याची चाचणी असते, चौरस मीटरमधून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ आरपार गेली ते मोजतात. २५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्मचा साधारण हिशोब असा की एलडीतून भर उकाड्यात आणि दमट हवेत १५-२० ग्रॅम, बीओपीपीतून ५-७ ग्रॅम, मेटलाइज्ड लॅमिनेटमधून ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि साध्या पीएलएतून ३०० च्याही पुढं. हो, तीनशे! चाचणीचं तापमान सगळ्यांचं एकच नसतं त्यामुळं आकडे तंतोतंत शेजारी ठेवू नका, पण फरक कुठल्या पट्टीतला आहे ते कळतं. शंभर ग्रॅम भडंगाची २० बाय २५ सेंटीमीटरची पिशवी धरा, दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरचा दहावा भाग होतो, म्हणजे त्या कडक परिस्थितीत एलडीतून दिवसाला फार तर दोन ग्रॅम पाणी आणि पीएलएतून तीस. खऱ्या कपाटात हवा इतकी वाईट नसते, पिशवीही जाड असते, त्यामुळं प्रत्यक्षात यापेक्षा बरंच कमी जातं, पण दोघांमधलं प्रमाण तेच राहतं.

आणि तसंच झालं. पावसाळ्यात एकाच घाण्याचं भडंग चारही पिशव्यांत भरून सील करून एकाच फळीवर ठेवलं. कंपोस्टेबल पाउचमधलं सगळ्यात आधी मऊ पडलं, इतक्या लवकर की दुकानात विकायला ठेवायची हिंमत होणार नाही, एलडीतलं नंतर हळूहळू, लॅमिनेटमधलं बरंच टिकलं आणि मेटलाइज्डमधलं शेवटपर्यंत दाताखाली वाजत होतं. कोकणात पार्सल जाणार असेल तर विचारच नको. याचं कारण रेणूतच आहे, पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन नुसते कार्बन-हायड्रोजनचे, पाण्याशी त्यांचं अजिबात पटत नाही, आणि पीएलएच्या साखळीत जागोजागी ऑक्सिजनवाले एस्टर गट असतात, पाण्याचे रेणू त्यातून वाट काढतात. म्हणजे हा काही या सप्लायरचा माल हलका होता म्हणून नाही, दुसऱ्याकडून घेतला तरी साधा पीएलए असाच वागणार.

पण थांबा, ऑक्सिजनचं गणित उलटं आहे आणि हे कुणी सांगत नाही. भडंगात शेंगदाणे आणि तेल असतं, ते खवट होतं ऑक्सिजनमुळं. इथं २५ मायक्रॉन एलडीतून चौरस मीटरला दिवसाला सात-आठ हजार घनसेंटीमीटर ऑक्सिजन जातो, बीओपीपीतून दोनेक हजार, पीएलएतून सहाशे-सातशे, आणि पीईटीतून शंभरच्या आत. म्हणजे ऑक्सिजन अडवण्यात पीएलए एलडीपेक्षा दहापट चांगला, बीओपीपीपेक्षाही चांगला, फक्त पीईटीपुढं मागं पडतो. गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाला भरून ठेवला तेव्हा याचा प्रत्यय आला, एलडीच्या पिशवीतून मसाल्याचा वास कपाटभर पसरतो, कंपोस्टेबल पाउचमधून खूप कमी आला. पण मसाला दमट होऊन त्याच्या गुठळ्या व्हायला लागल्या, म्हणजे वास राहिला आणि पूड बसली. एका गोष्टीत जिंकून दुसऱ्यात हरायचं, पीएलएचं सगळीकडं असंच आहे.

हे नवीन दुखणं नाहीये बरं का. आपण ज्याला जिलेटीन कागद म्हणतो, मिठाईच्या पुडक्यावर आणि आकाशकंदिलाला लागतो तो, म्हणजे खरा सेलोफेन, तो लाकडाच्या लगद्यापासून बनायचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या आधीचं बायो पॅकिंगच की. त्याचंही हेच, ऑक्सिजन छान अडवायचा आणि पाण्याची वाफ सरळ आत. १९२७ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत त्याच्यावर पातळ लेप देऊन ओलावा अडवणारा सेलोफेन केला आणि तिथून पुढं खाण्याच्या पॅकिंगमध्ये त्याचा धंदा वाढला. आजही उपाय तोच आहे, कंपोस्टेबल फिल्मवर ॲल्युमिनियमचा किंवा सिलिकाचा अगदी पातळ थर दिला की वाफेचा आकडा एकदम खाली येतो. असा माल जगात मिळतो. मी घेतलेला पाउच त्यातला नव्हता, आणि सप्लायरनं विकताना 'नमकीनसाठी चालेल' असं बिनदिक्कत सांगितलं होतं, याचा मला खरंच राग आहे.

आवाजाचं सांगायलाच पाहिजे. पीएलएचा पाउच हातात घेतला की करकर वाजतो. फ्रिटो-ले कंपनीनं अमेरिकेत सनचिप्ससाठी पीएलएची कंपोस्टेबल पिशवी आणली होती आणि लोकांनी आवाजाची इतकी तक्रार केली की २०१० मध्येच तिथं बहुतेक फ्लेवरना परत जुनी पिशवी आली. कारण साधं आहे, पीएलए ५५-६० अंशांपर्यंत काचेच्या अवस्थेत असतो, कडक, रेणू जागचे हलत नाहीत, तर एलडी आपल्या घरातल्या तापमानाला केव्हाच मऊ झालेला असतो, त्यामुळं तो वाजत नाही. ओढून बघितलं तर पीएलएची ताकद ५०-६० मेगापास्कल, एलडीची १०-२० च, म्हणजे पीएलए कितीतरी ताकदवान, पण तुटण्याआधी तो जेमतेम पाच टक्के लांब होतो आणि एलडी तीनशे-चारशे टक्के सहज. म्हणून एलडीची पिशवी टोक लागलं तर ताणली जाते, पीएलएची तडकते. वहिनीचं म्हणणं असं की घडी घातलेल्या जागी पाउच पांढरा पडतो आणि तिथूनच चीर जाते, कुरिअरमध्ये गठ्ठ्याखाली दबलेल्या पाउचचं तसंच झालं.

सीलिंगबद्दल थोडक्यात. आमचं बँड सीलर एलडीसाठी जेवढं तापवतो त्यापेक्षा कमी ठेवावं लागलं, सील छान धरतं, कमी विजेत होतं, ही जमेची बाजू. पण जरा तापमान चढलं की कड आकसून वाकडी होते, एलडीला जेवढी ढिलाई चालते तेवढी इथं नाही, पॅकिंगला नवीन मुलगी बसवली तर लक्ष ठेवायला लागेल.

आता ग्लास. पीएलएचा ग्लास दिसायला अप्रतिम, पीईटीच्या शेजारी ठेवला तर ओळखू येत नाही इतका स्वच्छ आणि चकचकीत. गार ताक, कोकम सरबत, पन्हं, काही म्हणजे काही तक्रार नाही, वास नाही, चव नाही, आंबट पदार्थानं काही होत नाही. कडक आहे त्यामुळं हातात धरल्यावर दबत नाही. झाकण मात्र जोरात दाबलं तर कडेला तडकतं, पीईटीचं झाकण वाकून बसतं. गरम काही ओतायचं नाही, चहा ओतला की ग्लास बसलाच, कारण साठ अंशांवर त्याचा काचपणा संपतो. पीईटीचा साधा ग्लास पण ७०-८० अंशांला वाकतो म्हणजे चहाला तोही उपयोगाचा नाही, गरम पदार्थाला पॉलिप्रॉपिलिनच लागतं, ते १६० अंशांच्या पुढं वितळतं. पीएलएचाच एक स्फटिक केलेला प्रकार मिळतो, पांढरा अपारदर्शक, त्याचे चमचे आणि गरम कपाची झाकणं येतात, ती ऐंशीच्या पुढच्या उष्णतेला पण टिकतात. खरी अडचण वाहतुकीची, मे महिन्यात उन्हात उभ्या टेम्पोत बंद खोक्यांमध्ये तापमान कुठं जातं ते आपल्याला माहितीये, आमच्याकडं आलेल्या एका खोक्यात वरच्या थरातले ग्लास एकमेकांत रुतून वाकडे झाले होते. पीईटीच्या मालाचं असं आजवर झालं नाही. त्यामुळं उन्हाळ्याचा स्टॉक मार्चच्या आतच भरून ठेवा.

पण स्टॉक फार करू पण नका, कारण कंपोस्टेबल माल ठेवून ठेवून कमजोर होतो. उष्णता आणि ओल मिळाली की साखळ्या गोदामातच तुटायला लागतात. साधारण वर्षभरात वापरून संपवा, खोक्यावरची तारीख बघून घ्या. एलडीचा रोल माळ्यावर वर्षानुवर्षं पडला तरी चालतो, हा फरक हिशोबात धरायला पाहिजे.

कॅरीबॅग मला तिन्हींत सगळ्यात आवडली. यात पीबीएटी जास्त आणि पीएलए किंवा स्टार्च थोडा असतो, म्हणून ती मऊ असते, वाजत नाही, चांगली ताणली जाते. हात लावला तर जरा पावडर लावल्यासारखी लागते. एलडीइतकं वजन पेलायला थोडी जाड लागते, टोकदार पॅकेट घातलं तर फाटायची शक्यता जास्त. पण जो दोष भडंगाला मारतो तोच इथं गुण होतो, वाफ बाहेर जाते! आईनं कोथिंबीर आणि मेथी यात बांधून फ्रिजमध्ये ठेवली, एलडीच्या पिशवीत आतून पाणी सुटून पानं काळी पडतात, यात ती कोरडी आणि हिरवी राहिली. ताज्या भाजीला, पावाला, ज्याला श्वास घ्यायला पाहिजे अशा सगळ्याला ही जात एकदम योग्य आहे. भाजीवाल्यांनी, पालेभाज्या घरपोच देणाऱ्यांनी हे नक्की करून बघावं.

वापर झाल्यावर काय, यावर सगळ्यात जास्त दिशाभूल होते. कंपोस्टेबल म्हणवून घ्यायला जी आयएसओ १७०८८ ही आंतरराष्ट्रीय कसोटी आहे तिच्यात १२ आठवड्यांत तुकडे दोन मिलिमीटरच्या चाळणीतून जाण्याइतके बारीक व्हायला लागतात आणि सहा महिन्यांत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो, पण हे सगळं साधारण ५८ अंशांच्या, व्यवस्थित ओलाव्याच्या औद्योगिक खतखान्यात. आपल्या गच्चीवरच्या ड्रममध्ये किंवा परसातल्या खड्ड्यात एवढी उष्णता टिकत नाही. मी आमच्या खतात तुकडे टाकून ठेवले होते, कॅरीबॅगला भोकं पडून ती लिबलिबीत झाली, ग्लासचा तुकडा मात्र धुवून परत वापरावा असा निघाला. नदीत, गटारात, रस्त्याच्या कडेला तर तो साध्या प्लॅस्टिकसारखाच पडून राहणार. म्हणून 'फेकला तरी चालतो, विरघळतो' असं सांगून कुणी विकत असेल तर ते साफ खोटं आहे.

दुसरी बाजू रिसायकलची. पीईटीची बाटली-ग्लास भंगारवाला घेतो, त्याला भाव आहे, कचरावेचकांच्या पोटाचा तो भाग आहे. पीएलए दिसायला सेम, आणि पाण्यात टाकून वेगळं करावं म्हटलं तर पीएलएची घनता १.२४, पीईटीची १.३८, दोन्ही बुडतात. एलडी ०.९२ च्या आसपास, ते तरंगतं म्हणून वेगळं होतं. पीईटीच्या मालात थोडा जरी पीएलए गेला तर पीईटी वितळवायच्या २७० अंशांला तो टिकत नाही, सगळा दाणा पिवळट-धुरकट होतो. मोठ्या कारखान्यात इन्फ्रारेडचं मशीन ओळखतं, डोळ्यांनी निवडणाऱ्या बाईला कसं ओळखू येणार? म्हणून ग्लास चांगला असूनही मी पार्सलला पीईटीवर परत आलो आणि काउंटरवर स्टीलचे ग्लास ठेवलेत. जिथं खतखाना पीएलए घेतो अशा कँटीनला, लग्नाच्या हॉलला हेच ग्लास मी बिनधास्त सुचवेन, कारण तिथं ग्लास आणि खरकटं एकाच डब्यात एकाच ठिकाणी जातं.

दर विचाराल तर मला कंपोस्टेबल माल नेहमीच्या दुपटीच्या पुढंच पडला, कॅरीबॅग तर जवळपास तिप्पट. त्यात वजनाचाही भाग आहे, घनता जास्त म्हणजे किलोमध्ये पिशव्या कमी बसतात, एलडीच्या किलोच्या दराशी तुलना करताना हे लोक विसरतात, नगावर भाव काढा.

नियमांचं पण बघून घ्या. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लॅस्टिकबंदी आहे, देशभर १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकचे पेले, स्ट्रॉ, चमचे, ताटल्या बंद, साध्या कॅरीबॅगला ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनची अट, आणि कंपोस्टेबल बॅगेला जाडीची अट नाही पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सर्टिफिकेट आणि पिशवीवर 'कंपोस्टेबल' असा शिक्का पाहिजे. म्हणजे आम्ही पीईटीचा ग्लास पार्सलला देतो तो सीलबंद झाकणाचा, पॅकिंग म्हणून, उघड्या पेल्याचं तसं नाही, तुमच्या नगरपालिकेत विचारून घ्या. बाजारात हिरवं पान छापलेल्या पण आत साधी एलडी असलेल्या पिशव्या सर्रास मिळतात, काहींत नुसतं बारीक तुकडे करणारं रसायन घातलेलं असतं, असल्या ऑक्सो-डिग्रेडेबल मालावर युरोपनं २०२१ पासून बंदी घातलीये. सर्टिफिकेटचा नंबर मागा, नाही दिला तर माल घेऊ नका.

सध्या आमच्याकडं भडंग-चिवड्याला मेटलाइज्ड पाउच, मसाल्याला पीईटी-एलडी लॅमिनेट आणि दुकानातल्या कॅरीबॅगला कंपोस्टेबल, असं ठरलंय, आणि कॅरीबॅगेवर 'घरी ओल्या कचऱ्याच्या डब्याला लावा' असं छापून घेतलंय. पाउचला माझ्याकडून पाचपैकी दोन, ग्लासला तीन, कॅरीबॅगला चार. वाफ अडवणारा लेप दिलेल्या कंपोस्टेबल फिल्मचा नमुना मागितलाय, डेटाशीटवर आकडे चांगले दिसतायत, पण सप्लायर किमान ऑर्डर एवढी मोठी सांगतोय की एका छोट्या धंद्याला झेपणार नाही, सांगली, जयसिंगपूर, कोल्हापूरकडच्या चार-पाच भडंगवाल्यांनी मिळून एक रोल घेतला तर पावसाळ्यात त्याची नीट परीक्षा घेता येईल, कुणाची तयारी असेल तर जूनच्या आत कळवा.